घाई नको, खाडाही नको

नाशिक

प्रिय मुली,



ईस्टरला तुझा बाप्तिस्मा झाला, आता गणपती तोंडावर आले, आणि एवढ्यातच तुला वाटायला लागले की आपली वाढ खुंटली. पत्रात तू तक्रारींची यादीच दिली आहेस. त्या दिवशीचा आनंद ओसरला. पवित्र शास्त्र पहिल्या पानापासून वाचायला घेतलेस, ते लेवीयमध्ये, याजकाने कातडीवरचा चट्टा कसा तपासायचा इथपर्यंत येऊन अडकलीस. प्रार्थनेला बसलीस की दोन मिनिटांत बोलणे संपते. मंडळीतली माणसे देवदूत नाहीत हे कळले. आणि शेवटी, भीत भीत, घरच्या गणपतीचे काय करायचे ते विचारले आहेस. एकेक करून बोलू या. पण सगळ्याचे सार आधीच सांगून टाकते: घाई करू नकोस आणि खाडा करू नकोस. नव्या विश्वासणाऱ्याचे निम्मे त्रास घाईतून येतात, उरलेले खाड्यातून.

आधी आनंदाचे. भावना ओसरली म्हणजे विश्वास गेला असे नाही. पंडिता रमाबाईंचेच बघ. 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. एवढी विदुषी बाई, संस्कृत तोंडपाठ, धर्माचा अभ्यास करून, विचार करून पाऊल टाकलेली. पण आपल्या साक्षीत त्या स्वच्छ सांगतात की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता. तो सापडला सुमारे आठ वर्षांनी. मधल्या काळात त्या काही हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या. चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकवले, अमेरिका पाहिली, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टरांशी पत्रांतून कडाकडा वाद घातले. शंका लपवल्या नाहीत, आणि शंका आहेत म्हणून वाचणे, प्रार्थना करणे थांबवलेही नाही. आठ वर्षे! तुझे अजून अर्धे वर्षही झालेले नाही.

ज्या दिवशी काहीच वाटत नाही, त्या दिवशी स्तोत्रसंहिता उघड. दीडशे स्तोत्रे आहेत आणि त्यांतला मोठा भाग रडगाण्यांचा आहे. तेरावे स्तोत्र जेमतेम सहा ओव्यांचे, पण त्याच्या सुरुवातीलाच कवी देवाला लागोपाठ चार वेळा विचारतो की हे किती काळ चालायचे. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते. शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. ज्यांनी शास्त्र जतन केले त्यांनी ही स्तोत्रे गाळली नाहीत, हे ध्यानात घे. वधस्तंभावर प्रभूने जी आरोळी मारली तीही बाविसाव्या स्तोत्राचीच पहिली ओळ होती. तेव्हा कोरड्या मनाने केलेली प्रार्थना ही खोटी प्रार्थना नव्हे. आनंद आला तर उपकार मान, नाही आला तर आपला नेम चालू ठेव.

आता वाचन. लेवीय तूर्त बाजूला ठेव. ते वाईट म्हणून नव्हे, त्याची वेळ आली नाही म्हणून. मार्कपासून सुरुवात कर. चारही शुभवर्तमानांत तेच सर्वांत लहान, सोळा अध्यायांचे. एखाद्या सुटीच्या दुपारी ते एका बैठकीत वाचून काढ, गोष्ट वाचतो तसे. अवघड जागी थांबू नकोस. येशू कुठे जातो, कोणाला हात लावतो, कोणावर चिडतो, कोणापुढे गप्प बसतो, एवढेच बघ. मग दुसऱ्या दिवसापासून तेच पुन्हा, रोज एक छोटा प्रसंग. प्रत्येक प्रसंगाला तीन प्रश्न विचार: इथे येशू कसा दिसतो? इथल्या कोणत्या माणसाच्या जागी मी आहे? आज यातले काय करायचे? उत्तर वहीत एका ओळीत लिही. एकच ओळ; प्रवचन नको. मार्क झाले की फिलिप्पैकरांस पत्र घे, चार अध्यायांचे, तुरुंगातून लिहिलेले आणि तरी आनंदाने भरलेले. मग याकोबाचे, जिभेला लगाम कसा घालावा ते शिकवणारे. मग लूक आणि त्याच्याच पुढचा भाग असलेली प्रेषितांची कृत्ये. जुन्या करारात उत्पत्ती आणि निर्गम यांतल्या गोष्टी. एवढे झाल्यावर लेवीयकडे परत ये. तोवर त्या अर्पणांना संदर्भ मिळालेला असेल.

वाचन आपल्या भाषेत कर. ऑफिसात दिवसभर इंग्रजी असते म्हणून बायबलही मोबाइलवर इंग्रजीतून वाचतेस असे लिहिले आहेस. संदर्भाला ते असू दे, पण ज्या भाषेत तू आईशी भांडतेस आणि झोपेत बडबडतेस, त्या भाषेत देवाचे बोलणे ऐक. ही गरज फार जुनी आहे. चारशे वर्षांपूर्वी गोव्यात नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची हीच अडचण होती: जुनी पुराणे वाचायची नाहीत असे सांगितले, मग वाचायचे काय? फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ती ओळखली आणि मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. 1616 साली ते छापून निघाले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून सगळे बायबल सोप्या मराठीत आणले, ते कमी शिकलेल्या बायाबापड्यांना कळावे म्हणून. 1922 साली त्या वारल्या. तोवर काम हातावेगळे झाले होते. आपल्याकडच्या बायबल सोसायटीचे भाषांतर तुझ्याकडे आहेच. त्यातली भाषा जड वाटली तर जोडीला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ ठेव. टीपा आहेत, संदर्भ आहेत, आणि मराठी वाचताना सुख होते.

प्रार्थनेचे तुझे दोन मिनिटांचे दुःख वाचून हसू आले, रागावू नकोस. शिष्यांनाही ती येत नव्हती. त्यांनीच येशूला म्हटले, आम्हाला शिकव. त्याने शिकवली ती प्रार्थना म्हणायला अर्धा मिनिटही लागत नाही. तेव्हा लांबीची काळजी सोड. तीच प्रार्थना सावकाश म्हण, एकेका वाक्यावर थांबून. पित्याचे नाव, त्याचे राज्य, त्याची इच्छा आधी. मग भाकर, मग क्षमा, मग मोहापासून सुटका. या क्रमातच पुष्कळ शिक्षण आहे, कारण आपल्या प्रार्थना बहुधा भाकरीपासून सुरू होतात आणि तिथेच संपतात. आणखी एक बघ: त्या प्रार्थनेत ‘मी’ कुठेही नाही, सगळीकडे ‘आम्ही’ आहे. एकटी खोलीत बसून म्हटलीस तरी ती सगळ्यांच्या वतीने होते. म्हणून भाकरीच्या ओळीवर आलीस की ज्याच्या घरी नोकरी गेली आहे त्याचे नाव घे. क्षमेच्या ओळीवर आलीस की जिच्याशी बोलणे टाकले आहेस तिचे नाव घे, आणि ते घेताना जीभ अडखळली तर समज की प्रार्थना लागू पडायला लागली.

वेळ ठरव. पहाटे अंधार असतानाच येशू उठून एकांतात गेला, असे मार्कने पहिल्याच अध्यायात लिहिले आहे. आदल्या दिवशी सूर्य मावळल्यावरही दारात आजाऱ्यांची गर्दी होती. म्हणजे दमलेला असूनही गेला. तुझ्या दोन खोल्यांच्या घरात एकांत कुठला, हे मला कळते. मग गच्ची आहे, ऑफिसची बस आहे, बाबा फिरायला गेल्यावरची दहा मिनिटे आहेत. जागा कुठलीही चालेल, वेळ मात्र पक्की हवी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करत बसू नकोस. नेहमीसारखीच बस.

आता मंडळी. तू लिहितेस, ‘बाई, इथेही राजकारण आहे.’ आहेच! समितीच्या निवडणुकीत गट पडतात, महिला मंडळात चहा कोणी करायचा यावरून रुसवे होतात. आणि याहून गंभीर ते मीच सांगते, कारण दुसरे कोणी सांगायच्या आधी तुला ते माझ्याकडून कळलेले बरे: ख्रिस्तात भेद नाही असे आपण गातो, आणि लग्नाच्या बोलणीत पिढ्यांपूर्वीची जात अजून हळूच विचारतो. हे पाप आहे. त्याला दुसरा शब्द नाही. पण पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेले पहिले पत्र वाच. गट, कोर्टकज्जे, आणि प्रभुभोजनाला जमल्यावर श्रीमंतांनी आधी खाऊन घ्यायचे, गरीब उपाशी. पौल त्यांची खरडपट्टी काढतो, पण त्यांना मंडळी म्हणायचे सोडत नाही. कारण त्यालाही कोणीतरी असेच धरून ठेवले होते. दिमिष्काच्या वाटेवर आंधळा झालेल्या त्या छळकर्त्याकडे जायला हनन्या घाबरला होता, तरी गेला आणि त्याला ‘भाऊ’ म्हणाला. यरुशलेमात सगळे त्याला टाळत होते तेव्हा बर्णबाने त्याची हमी घेतली. पौलासारख्यालाही एकट्याने वाढता आले नाही.

म्हणून रविवारची उपासना चुकवू नकोस, आणि उपासना संपल्यावर चप्पल शोधत निघून जाऊ नकोस. एखादी वयस्क बाई गाठ, जिने संकटे पाहिली आहेत. तिच्या विश्वासाची गोष्ट तिच्या तोंडून ऐक. घरगुती प्रार्थनेच्या एका गटात जा. गाणी शिक. ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक विकत घे आणि त्यातली रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने पाठ कर. दिवसभराच्या रगाड्यात वाचलेले वचन आठवत नाही, पण भजनाची चाल ओठांवर येते. आणि मंडळीत एखादे काम अंगावर घे, शक्यतो न दिसणारे. व्यासपीठावर साक्ष द्यायला तुला लगेच बोलावतील, कारण नव्या विश्वासणाऱ्याची साक्ष ऐकायला सगळ्यांना आवडते. वर्षभर तरी नम्रपणे नाही म्हण. रविवार शाळेत मुलांच्या चटया घालायला हो म्हण.

इथेच एक इशारा देते. मोबाइलवर तुला रोज नवा उपदेशक सापडेल. बिरुयाच्या लोकांनी पौलाचे बोलणेसुद्धा शास्त्र उघडून ताडून पाहिले, आणि त्याबद्दल त्यांची स्तुतीच झाली आहे. तूही ताडून बघ. आशीर्वादाचा दर पैशात सांगणारा, शंका विचारली की दटावणारा, आईवडिलांशी संबंध तोडायला लावणारा, आणि विश्वास असेल तर डॉक्टरची गोळी बंद कर म्हणणारा, या चौघांपासून दूर राहा. तुझी थायरॉइडची गोळी रोज सकाळी घे आणि घेताना उपकार मान.

आता गणपती. हाच तुझा खरा प्रश्न आहे, म्हणून इथे जरा थांबते.

आधी हे पक्के कर की तुला कोणाला परके व्हायचे नाही. तुझे नाव, आडनाव, नऊवारीची आवड, आईच्या हातचे वरण, यांतले काहीही प्रभूने मागितलेले नाही. टिळक बाप्तिस्म्यानंतरही नारायण वामनच राहिले. रमाबाईंनी इंग्लंडात राहूनही शाकाहार सोडला नाही, आणि क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, म्हणून वाद घातला. बाप्तिस्म्याने माणूस आपल्या माणसांतून उठत नाही. गरसेकरांच्या प्रदेशातला तो भूतग्रस्त बरा झाल्यावर येशूच्या मागे यायला निघाला होता. येशूने त्याला घरी पाठवले, आपल्या माणसांत.

पण घरी राहायचे म्हणजे सगळ्याला मान डोलवायची असेही नाही. आरतीला उभे राहून मनात दुसरेच म्हणायचे, हे मला पटत नाही. त्यात प्रभूचाही मान नाही आणि तुझ्या आईच्या देवघराचाही नाही. म्हणून सणाच्या ऐन सकाळी नको, आधी चार दिवस, स्वयंपाकघरात दोघीच असताना आईला सांग: आई, आरती मी करणार नाही, पण घरातले सगळे काम करीन. आणि मग खरेच कर. पाहुण्यांची अंथरुणे, मोदकांच्या उकडीची परात, रात्रीची भांडी. विसर्जनानंतर सगळे दमून बसलेले असताना चहा तुझ्या हातचा असू दे. वाद घालून जे सिद्ध होणार नाही ते यातून दिसेल.

प्रसादाबद्दल आपल्यातच एकमत नाही. आपले पाळकसाहेब एक सांगतील, दुसऱ्या मंडळीचे दुसरे. पौलाने करिंथकरांच्या त्याच पत्रात यावर तीन अध्याय खर्च केले आहेत, आठ ते दहा. ते पाळकांसोबत बसून वाच. पौल दोन्ही टोके धरतो: मूर्ती म्हणजे काही नाही, म्हणून अन्नाला भिऊ नका, पण उपासनेत भागीदारी होत असेल तर नको, आणि तुमच्या खाण्याने दुर्बळ मनाचा भाऊ अडखळत असेल तरीही नको. तुझा विवेक जिथे टोचेल तिथे नम्रपणे नाही म्हण, तोंड वाकडे न करता. आणि अरामी सेनापती नामान याची गोष्ट वाच, राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात. कोड बरे झाल्यावर तो इस्राएलाच्या देवाचा झाला, पण नोकरी अशी की राजाला हात देऊन रिम्मोनाच्या देवळात जावे लागे, वाकावे लागे. त्याने अलीशाला ही अडचण आधीच सांगितली. अलीशाने त्याला व्याख्यान दिले नाही. शांतीने जा म्हणाला. त्या एका उत्तरावरून नियम करू नये, पण नव्या माणसाच्या कोंडीकडे देवाचा माणूस कसा बघतो, ते त्यातून शिकावे.

एक गोष्ट मात्र कधीही करू नकोस: त्यांच्या देवाला नावे ठेवू नकोस, थट्टेतही नाही. इफिसात अर्तमी देवीवरून केवढी दंगल उसळली होती! तिथल्या नगरलेखकाने भर सभेत सांगितले की या माणसांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही. विरोधकांच्या गावातल्या अधिकाऱ्याने दिलेले हे प्रशस्तिपत्र आहे. तुझ्या काकांनाही तुझ्याबद्दल तेवढे म्हणता आले पाहिजे.

आणि घरचे कधी समजून घेतील, हे विचारू नकोस. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तू वाचली नसशील तर आधी ती वाच. 1895 मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. दोघे वेगळे राहिले, मूल लहान, माहेरचे संतापलेले. पुढे एकत्र आले तरी लक्ष्मीबाईंचे सोवळे-ओवळे चालूच होते. ते एका दिवसात गेले नाही. आपल्या मनाने विचार करत, स्वतःशीच भांडत त्या बदलल्या, आणि 1900 साली त्यांनी राहुरीला बाप्तिस्मा घेतला. मी ही गोष्ट तुझ्या आईने बाप्तिस्मा घ्यावा म्हणून सांगत नाही. तो तिचा आणि देवाचा प्रश्न आहे. एका घरात दोन श्रद्धा असताना प्रेम कसे तगते आणि त्याला किती सोसावे लागते, ते कळावे म्हणून सांगते.

राहिली वाढ मोजायची गोष्ट. मार्कच्या चौथ्या अध्यायात एक दाखला आहे, दुसऱ्या कुठल्याच शुभवर्तमानात नाही. शेतकरी बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि बी कसे वाढते ते त्याचे त्यालाच कळत नाही. आधी पाते, मग कणीस, मग दाणा. बी उकरून बघायचे नसते, एवढे तर घाटावरच्या पोरीला सांगायला नको. तेव्हा रोज मनाची नाडी बघत बसू नकोस. बघायचेच असेल तर बाहेर बघ. जक्कयाच्या घरी तारण आले ते त्याच्या हिशेबात दिसले: ज्याचे बुडवले त्याला चौपट परत. तू मैत्रिणीकडून उसने घेतलेले पैसे परत केलेस का? ऑफिसात दुसऱ्याने केलेले काम आपल्या नावावर खपवायचे थांबले का? भावावर आवाज चढवायचे एका आठवड्यात एकदा तरी टळले का? पौलाने गलतीकरांना आत्म्याचे फळ सांगितले त्यात प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता अशी नावे आहेत. यांतले एकही एकटीने देवघरात बसून पिकत नाही. माणसांतच पिकते, आणि पिकल्याचे आधी माणसांना कळते, आपल्याला मागाहून.

आणि पडलीस तर? पडशील. पेत्र तीनदा नाकारून बसला होता. प्रभूने त्याला समुद्रकिनारी निखाऱ्यांवर भाजलेली मासळी खाऊ घातली आणि मग विचारले, माझ्यावर प्रीती करतोस का? तेही तीनदा. उठायची वाट तीच आहे: लपवायचे नाही, सांगून टाकायचे, आणि दिलेले काम पुन्हा हाती घ्यायचे.

या आठवड्यात एवढे कर. रविवारी दुपारी मार्क एका बैठकीत. सोमवारपासून रोज ठरल्या वेळी एक प्रसंग, एक ओळ, प्रभूची प्रार्थना सावकाश. आणि गणपतीआधी आईशी ते बोलणे, न टाळता. पुढच्या पत्रात तुझी वाढ किती झाली ते लिहू नकोस. मार्कमध्ये काय खटकले ते लिही. अंजिराच्या झाडापाशी तू नक्की अडशील. मीही तिथे अडते. मग दोघी मिळून त्यावर वाद घालू.

घरच्या सगळ्यांना माझा नमस्कार सांग. आईला खास.

तुझ्या,
बाई